कुत्र्याची लघवी डॉक्टरांपर्यंत नीट कशी न्यायची

"उद्या सकाळची लघवी घेऊन या," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या जनावराकडं वळतात. माणसाचं असतं तर हातात डबी दिली की काम झालं. कुत्र्याच्या हातात डबी कशी द्यायची? मग दुसऱ्या दिवशी पहाटे बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर एखादे काका पाठीमागं पळी लपवून आपल्या लॅब्रॅडॉरच्या मागं मागं फिरताना दिसतात, आणि फिरायला आलेला कुणीतरी ओळखीचा नेमका विचारतो, "काय करायलाय हो?" याला सभ्य उत्तर नाही.

पण पकडणं हा यातला सोपा भाग. खरी गडबड होते ती पकडल्यानंतर. कशात धरली, किती वेळ ठेवली, कुठं ठेवली, यावर रिपोर्ट ठरतो. आणि बिघडलेल्या नमुन्याचाही रिपोर्ट येतोच, तो पण छापील आणि सहीशिक्क्याचा. तो चुकीचा आहे हे त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं. त्यामुळं नमुना खराब झाल्याचा संशय असेल तर तो टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्त तपासलंय ना, मग लघवी कशाला?

हा प्रश्न घरोघरी निघतो, कारण रक्ताचे पैसे आधीच गेलेले असतात. किडनी रक्त गाळते हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाळलेल्यातलं बहुतेक पाणी परत शरीरात ओढून घेणं हेही तिचंच काम. कुंदा या मिठाईसाठी दूध आटवत बसतात, तशी किडनी लघवी आटवत असते. रात्रभर पाणी न पिता झोपलेल्या धडधाकट कुत्र्याची पहाटेची लघवी म्हणूनच पिवळीजर्द आणि दाट असते. किडनीचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाला की हे आटवणं जमेनासं होतं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) मात्र साधारण तीन चतुर्थांश भाग गेल्यावर वाढायला लागतं. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टात काही दिसत नाही तेव्हाही लघवीत दिसू शकतं.

हा दाटपणा मोजतात त्याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात, लॅबवाल्यांच्या भाषेत स्पेसिफिक ग्रॅव्हिटी. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००. कुत्र्याची पहाटेची लघवी १.०३० च्या वर असली तर किडनी आपलं काम करतेय असं साधारणपणे धरतात. आकडा वारंवार १.००८ ते १.०१२ याच पट्ट्यात येत राहिला तर डॉक्टर कान टवकारतात, कारण रक्तातल्या गाळलेल्या पाण्याइतकीच ती पातळ असते. किडनीनं त्यात काहीच केलेलं नसतं. अर्थात दुपारी बादलीभर पाणी पिऊन आलेल्या कुत्र्याची लघवीही पातळच येणार, आणि म्हणूनच डॉक्टर पहाटेची मागतात. आदल्या रात्री नमुना चांगला यावा म्हणून पाणी बंद करू नका, आणि भरपूर यावा म्हणून जास्त पाजूही नका. नेहमीसारखं चालू द्या.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं यात फसगत फार होते. खानापूर, हुक्केरी, चिकोडीसारख्या तालुक्याच्या गावात जनावरांच्या डॉक्टरांकडं स्वतःची लॅब असेलच असं नाही. मग नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो. (नेण्याआधी विचारून घ्या, काही लॅब जनावराचा नमुना घेत नाहीत.) त्यात गैर काही नाही, मायक्रोस्कोप तोच असतो. पण रिपोर्टाच्या उजवीकडच्या रकान्यात नॉर्मल म्हणून जे आकडे छापलेले असतात ते माणसाचे. विशिष्ट गुरुत्वापुढं तिथं बहुधा १.००५ ते १.०३० असं असतं. तुमच्या राजाचा आकडा १.०४५ आला तर त्यापुढं ठळक अक्षरात जास्त असल्याची खूण येते आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. वास्तविक ती झकास लघवी आहे. उलट आकडा १.०१० आला तर कुठलीच खूण येत नाही, कारण माणसाच्या हिशेबात तो नॉर्मल. आणि नेमक्या त्याच आकड्यावर डॉक्टरांना पुढची तपासणी सांगावी लागणार असते.

लघवीत बुडवायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीचंही तसंच. साखर, प्रथिनं, रक्त, पीएच (म्हणजे आम्लता) यांसाठी ती कुत्र्यालाही चालते. पण पट्टीवरचा विशिष्ट गुरुत्वाचा चौकोन १.०३० च्या पुढं जातच नाही आणि कुत्र्याच्या बाबतीत भरवशाचा नाही. पांढऱ्या पेशींचा आणि नायट्राइटचा चौकोनही कुत्र्यासाठी कामाचा नाही. दाटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. हातात मावणारं उपकरण आहे, थेंबभर लघवी पुरते. नमुना कुठं तपासणार याची निवड असेल तर रिफ्रॅक्टोमीटर कुणाकडं आहे ते आधी विचारा. आणि रिपोर्ट हातात आला की थेट आपल्या डॉक्टरांकडं न्या, मधे कुणा डॉक्टर नसलेल्या जाणकाराला दाखवत बसू नका.

डबी

मेडिकलमध्ये लघवीच्या तपासणीची सीलबंद निर्जंतुक डबी मिळते, फार महाग नसते. तीच घ्या. घरात इतके डबे पडलेत, त्यातला एक चालेल की, हा मोह आवरा. कुंद्याचा प्लॅस्टिकचा डबा घ्या उदाहरणाला. धुतला, पालथा घातला, दिसायला चकचकीत. पण झाकणाच्या खोबणीत साखरेचा अंश राहिलेला असतो. लघवीत तो विरघळला आणि त्यातल्या ग्लुकोजनं पट्टीचा रंग बदलला, तर लॅबवाला प्रामाणिकपणे 'साखर आहे' असं लिहून देणार. मग मधुमेहाच्या तपासण्या सुरू, आणि कुत्र्यानं कुंदा चाटलेलाही नसतो. भांड्याला राहिलेल्या साबणानं पीएच बदलतो. ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यात पट्टीवर नसलेलं रक्त दिसू शकतं.

डबीचं तोंड लहान असतं आणि कुत्रं काही नेम धरून करत नाही, त्यामुळं आधी दुसऱ्या कशात तरी धरून मग डबीत ओतावं लागतं. ती पळी किंवा वाटी साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून, वर उकळतं पाणी ओतून, कोरडी करून ठेवा. आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात नेणार नाही असं घरच्यांना आधीच सांगा, म्हणजे पुढचा वाद टळेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे नवा कागदी ग्लास चिकटपट्टीनं काठीच्या टोकाला बांधायचा. वाकावं लागत नाही, कुत्रं बुजत नाही, काम झालं की ग्लास टाकून द्यायचा.

मात्र पत्रावळीचा द्रोण नको, त्यात धूळ आणि पानाचे कण असतात.

पकडणं

पहाटे पहिल्यांदा बाहेर नेता तेव्हाच धरायची. नर कुत्र्याची हीच एक धार लांब असते. नंतर तो प्रत्येक खांबाला, प्रत्येक गाडीच्या चाकाला दोन-दोन थेंबांची सही करत फिरतो, त्यात तुमची डबी भरायची नाही. आखूड पट्ट्यावर धरा, त्याच्या नेहमीच्या जागी न्या आणि बघू नका. हे मी गंमतीनं म्हणत नाही. मालक टक लावून बघतोय म्हटल्यावर पुष्कळ कुत्री थांबतात. पाय वर झाला, धार लागली, एक-दोन सेकंद जाऊ दिले की बाजूनं ग्लास धारेत घालायचा. सुरुवातीची धार सोडायची कारण तिच्याबरोबर बाहेरच्या कातडीवरचे जंतू, केस, मळ धुऊन येतो.

मुधोळ कुत्रं असेल तर काठी चांगली लांब घ्या. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं हे उंच, सडपातळ शिकारी कुत्रं आपल्या भागात पुष्कळांकडं आहे. २००५ मध्ये टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात तेही होतं. अनोळखी हात आणि अचानक हालचाल त्याला खपत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून रिकामी काठी बरोबर नेऊन तिची सवय करून ठेवली तर बरं.

कुत्रीचं तंत्र वेगळं. ती बसते, आणि जमिनीला इतकी टेकते की खाली ग्लास जात नाही. तिथं उथळ, पसरट काहीतरी हवं, कागदी बशी किंवा ताटली. तिनं बसून सुरुवात केली की मागून हळूच सरकवायची. आधी सरकवली तर ती उठून दुसरीकडं जाते, आणि एकदा संशय आला की त्या सकाळपुरतं संपलं. मागचे केस लांब असतील तर आदल्या दिवशी कापा, साध्या पाण्यानं पुसून कोरडं करा. डेटॉल वगैरे काही लावू नका. ती माजावर असेल किंवा नुकती माजावरून गेली असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण योनीतला स्राव नमुन्यात मिसळतो. ऑपरेशन न झालेली कुत्री माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत अचानक फार पाणी प्यायला लागली, खाईना, मागून पू येऊ लागला, तर नमुन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. गर्भाशयात पू झाल्याची ती खूण असू शकते आणि ते जिवावर बेततं.

५ ते १० मिली पुष्कळ झाली. ओंजळभर लागत नाही. तेवढीही नाही मिळाली तर २-३ मिलीवर बऱ्याच गोष्टी होतात.

जमिनीवरची उचलू नका. शेणानं सारवलेल्या अंगणातली सिरिंजनं ओढून घेतली तर त्यात किती जंतू कुत्र्याचे आणि किती शेणातले हे कुणालाही सांगता येणार नाही. फरशीवरची घेतली तर आदल्या दिवशीचं फिनेल त्यात आलं. अगदीच इलाज नसेल आणि स्वच्छ फरशीवरून घेतली असेल तर डबीवर तसं लिहा, म्हणजे डॉक्टर त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवतील.

घड्याळ आणि फ्रिज

डबीत गेलेली लघवी तिथल्या तिथं बदलायला लागते. जंतू वाढतात. काही जंतू युरियाचा अमोनिया करतात, त्यानं पीएच चढतो. लघवीत साखर असेल तर जंतू ती खाऊन टाकतात, म्हणजे असलेला मधुमेह लपू शकतो. काविळीतलं बिलिरुबिन उजेडात नाहीसं होतं. लाल पेशी फुटतात. हे सगळं खोलीच्या उष्णतेत, आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तर विचारूच नका.

शक्यतो अर्ध्या-एक तासात नमुना तपासला जावा. बेळगावात राहणाऱ्याला हे जमतं, मधे रेल्वे गेट पडलं नाही तर. खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर आहे, निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात ते ४० च्या आसपास, आणि चंदगड तालुक्यातून बेळगावला येणाऱ्यांना बसची वेळही सांभाळावी लागते. दवाखाना दहाला उघडतो, कुत्रं सहाला उरकून मोकळं झालेलं असतं. अशा वेळी झाकण घट्ट लावून, डबी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रीजरमध्ये नाही, गोठली की पेशी फुटतात. ६ ते १२ तास फ्रिजमध्ये चालतं, त्याहून जुनी झाली तर नवी घ्यावी. नेताना डब्यात बर्फ घालून मधे ही डबी, पण डबीला बर्फ थेट लागू देऊ नका.

फ्रिजवरून घरात महाभारत होणार हे धरून चाला. दुधाच्या पातेल्याशेजारी कुत्र्याचं मूत बघून आजी जे बोलतील त्यात तथ्य आहे. दोन पिशव्यांत घालून, वेगळ्या झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. तेही मान्य नसेल तर थर्मासच्या डब्यात बर्फ घाला आणि सरळ ओसरीवर ठेवा.

फ्रिजचा एक तोटा मात्र आहे आणि तो डॉक्टरांना माहीत असला पाहिजे. थंड झाल्यावर लघवीत स्फटिक तयार होतात, स्ट्रुव्हाइट, कॅल्शियम ऑक्झलेट अशा क्षारांचे. कुत्र्याच्या पोटात ते नसतातच, डबीत झालेले असतात. मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्याला हा फरक कळायचा मार्ग नाही. रिपोर्टात स्फटिक आले की घरचे 'खडे झाले' समजून महागडं खास अन्न आणतात. स्फटिक म्हणजे खडे नव्हेत. ताज्या, फ्रिज न बघितलेल्या नमुन्यात ते पुन्हा दिसले तरच त्यावर बोलायचं.

त्यासाठी डबीवर, झाकणावर नव्हे, कारण झाकण अदलाबदल होतं, पेननं लिहा: कुत्र्याचं नाव, तुमचं नाव, तारीख, किती वाजता घेतली, धार चालू असताना धरली की खालून उचलली, फ्रिजमध्ये होती का. आणि चालू असलेली औषधं. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्याची लघवी पातळ येते. अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर जंतू सापडायचे नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं असेल, म्हणजे नमुना आणि गोळ्या, तर आधी काय हे विचारूनच बाहेर पडा. पाणी किती पितो हेही मोजून सांगता आलं तर सोन्याहून पिवळं. सकाळी भांड्यात मापून ओतायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मापायचं. दिवसाला वजनाच्या दर किलोमागं १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यानं २ लिटरच्या वर, तर ते जास्तच.

पावसाळा, गोचीड आणि लघवीचा रंग

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस कोसळतो, भाताच्या खाचरात पाणी तुंबतं आणि उंदीर बिळातून वर येतात. लेप्टोस्पायराचे जंतू उंदराच्या मुतातून त्या पाण्यात येतात. तेच पाणी कुत्रं तुडवतं, पितं. आजारी कुत्र्याच्या किडनीतून ते जंतू लघवीत उतरतात आणि हाताला जखम असेल तर माणसालाही हा आजार होऊ शकतो. ताप, उलट्या, पिवळे डोळे असलेल्या कुत्र्याचा नमुना घेताना हातमोजे घालाच. एरवीही घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत. लेप्टोची लस कुत्र्यांच्या मिश्र लसीत असते आणि ती दरवर्षी द्यावी लागते. पुष्कळ जण रेबीजची तेवढी घेतात आणि ही विसरतात.

काळपट तांबडी लघवी दिसली की आपल्याकडं पहिला विचार गोचिडांचा करावा लागतो. गोचिडातून येणारा बॅबेसिया हा परजीवी रक्तातल्या लाल पेशी फोडतो, त्यातला लाल रंग लघवीत उतरतो. मूत्राशयात जखम, खडा किंवा जंतुसंसर्ग असेल तर अख्ख्या लाल पेशीच लघवीत येतात. वरून दोन्ही सारखीच लाल दिसते. फरक कसा कळतो? नमुना मशीनमध्ये जोरात फिरवला की अख्ख्या पेशी तळाला बसतात आणि वरचं पाणी पिवळं होतं. फुटलेल्या पेशींचा रंग मात्र खाली बसत नाही, सगळं लालच राहतं. आता वर सांगितलेलं आठवा: नमुना शिळा झाला तर पेशी डबीतच फुटतात. म्हणजे मूत्राशयाच्या दुखण्याचा चार तास उन्हात राहिलेला नमुना गोचीडतापासारखा दिसू शकतो. एवढ्यासाठी डबीवरची वेळ.

पलीकडं अथणी, विजापूरच्या द्राक्षपट्ट्यातल्यांसाठी जाता जाता: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषारी ठरू शकतात. बेदाण्याच्या शेडवर राखणीला ठेवलेल्या कुत्र्यानं खाल्ले असतील तर उलट्या व्हायची वाट न बघता डॉक्टर गाठा, आणि लघवी होतेय की बंद झालीय ते सांगा.

थेंबही येत नसेल तर

कुत्रं पाय वर करतंय, कुंथतंय, पुन्हा पुन्हा जागा बदलतंय आणि काहीच येत नाही, तर डबी ठेवून द्या. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं. मूत्राशयातला बारीक खडा वाहत येऊन त्या हाडाच्या मागं अडकतो आणि वाट बंद होते. घरच्यांना वाटतं पोट साफ नाही, एरंडेल पाजतात. तासागणिक पोटॅशियम आणि युरिया रक्तात चढत जातो, मूत्राशय तट्ट फुगतं. हे रात्रीचं रात्री न्यायचं दुखणं आहे.

आणि कधीकधी डॉक्टर स्वतःच म्हणतात, तुम्ही आणू नका, मी काढतो. जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल हे बघायचं असेल, म्हणजे कल्चर करायचं असेल, तर बाहेर धरलेली लघवी फारशी उपयोगी नसते, वाटेतले जंतू तिच्यात येतातच. मग पोटातून बारीक सुई थेट मूत्राशयात घालून काढतात, बहुधा सोनोग्राफीत बघून. ऐकायला भयंकर वाटतं, पण सुई इंजेक्शनइतकीच बारीक असते आणि बहुतेक कुत्री लस घेतल्यासारखी गप्प राहतात. त्यासाठी मूत्राशय भरलेलं हवं. त्या दिवशी पहाटेची फेरी नाही, आणि दवाखान्यासमोर उतरल्यावर कुत्र्याला उचलून थेट आत न्यायचं. मोठं असेल तर पट्टा आखूड धरून पळवत न्यायचं, कारण त्या फाटकाच्या खांबाला आजवर आलेल्या प्रत्येक कुत्र्यानं सही केलेली असते, आणि तुमचंही चुकवणार नाही.